बडोद्यात कुणालाच काही अडचण नाही

परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, राजवाडा पाहिलास का? पाहिला. रिक्षातून, कुंपणाच्या भिंतीवरून, दोनदा. संग्रहालय पाहिलं नाही, बाग पाहिली नाही. मी बडोद्याला भांडायला गेले होते आणि आठ दिवस मन लावून तेच केलं. मधल्या वेळात खाल्लंही पुष्कळ. तेव्हा ज्यांना राजवाड्याचं वर्णन हवंय त्यांनी इथेच थांबावं, माझा राग नाही.

भांडण कशावरून ते आधी सांगते. मी मिरजेची. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून उजव्या पायाला मांडीपर्यंत लोखंडी कॅलिपर आणि हातात कुबडी. नोकरीची सगळी वर्षं अपंग पुनर्वसन केंद्रात काढली आणि आता आरोग्याची पाहणी करायला घरोघर जाणाऱ्या मुलामुलींना शिकवते. या पाहणीत प्रत्येकाला सहा प्रश्न विचारायचे असतात. चष्मा लावूनही दिसायला अडचण होते का? यंत्र लावूनही ऐकायला? चालायला किंवा जिने चढायला? लक्षात ठेवायला? आपली आंघोळ, आपले कपडे आपण करायला? आपलं म्हणणं दुसऱ्याला समजावून द्यायला? उत्तरं चारच: काहीच अडचण नाही, थोडी, खूप, अजिबात जमत नाही. रोगाचं नाव नाही, टक्के नाहीत, 'अपंग' हा शब्दसुद्धा नाही. माणूस रोजच्या जगण्यात कुठे अडतो, एवढंच विचारायचं. त्या उत्तरांवरून पुढे ठरणार की कुठे डोळ्यांचा दवाखाना हवा आणि कुठे जिन्याशेजारी उतार.

या सहा प्रश्नांवर माझा जीव आहे. मी बावीस वर्षांची असताना अपंगत्वाच्या दाखल्यासाठी तीन डॉक्टरांपुढे उभी राहिले होते. त्यांनी टेपनं माझा पाय मोजला, आपसात इंग्रजीत बोलले, कागदावर टक्के लिहिले आणि पुढचा म्हणून हाक मारली. चालताना तुला काय होतं बाई, असं एकानंही विचारलं नाही. म्हणून माझ्या वर्गात मी एक नियम घोटून घेते. तुम्ही डॉक्टर नाही, पंच नाही. समोरचा माणूस जे सांगेल तेच लिहायचं, तुमच्या डोळ्यांना काय दिसतंय ते नाही.

बडोद्यात हाच नियम माझ्या गळ्याशी आला.

तिथल्या पाहणीचे समन्वयक मेहुलभाई. त्यांचा फोन आला. जुन्या शहरातल्या मराठी घरांचं काम केतकी नावाच्या मुलीकडे होतं. ती बडोद्याचीच, पण मिरजेला माझ्याच वर्गात शिकलेली. चाळीसेक घरं तिनं केली होती आणि सगळ्या घरांतल्या सगळ्या माणसांना सहाच्या सहा प्रश्नांवर एकच उत्तर होतं: काहीच अडचण नाही. "मॅडम, म्हातारी माणसं पण सगळी फिट?" मेहुलभाई म्हणाले. "या पोरीनं घरी पंख्याखाली बसून फॉर्म भरलेत. मी नाव वर पाठवतो." नाव वर गेलं की खोटारडी म्हणून शिक्का, आणि मग कुठल्याच पाहणीत तिला कुणी उभं करणार नव्हतं. मला वर्गातली केतकी आठवत होती. पहिल्या बाकावर बसायची आणि शंका विचारून डोकं उठवायची. असली मुलगी पंख्याखाली बसून फॉर्म भरणारी नव्हे.

"आठ दिवस थांबा," मी म्हणाले. "येतेय."

वासणा, तिसरा मजला

गाडीत जे होतं तेच झालं, ते सांगण्यात अर्थ नाही. उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, होऊन पंधरवडा लोटला होता, तरी विजेच्या तारांवर फाटके पतंग लटकत होते. रिक्षावाल्यानं "केम छो, बेन?" विचारलं. मी रात्रभर आंबलेली, कॅलिपरचा पट्टा मांडीला काचलेला, म्हणाले, "पाय दुखतोय." तो बिचारा गोंधळला. मग कळलं की या प्रश्नाला इथे 'मजामां' एवढंच उत्तर असतं. पाय तुटून हातात आला तरी मजामां. आमच्याकडे मिरजेत 'काय, बरं हाय का?' म्हटलं की माणूस पित्तापासून जावयापर्यंत सगळं सांगून मोकळा होतो.

पाहणीचं ऑफिस वासण्याला एका सोसायटीत. तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. जिने चढायला अडचण होते का, हे शहरभर विचारत फिरणारं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर! मी खाली उभं राहून पाच मिनिटं मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि मग चढले. वर पोचेपर्यंत घामानं निथळत होते.

"मॅडम, जिना जड तर नाही गेला?" मेहुलभाईंनी पाणी पुढे केलं.

"छे, थोडा," मी म्हणाले.

माणूस वाईट नाही. तिशी-पस्तिशीचा, नम्र, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, बडोद्यातच वाढल्यामुळे मराठी झकास. केतकी कोपऱ्यात उभी होती. डोळे सुजलेले. मला पाहून ती वाकायला लागली तशी मी तिला दटावलं, नमस्कार नंतर, आधी मला काय झालं ते सांग. ती म्हणाली, "ताई, मी प्रत्येक घरात गेले. त्यांनी सांगितलं तेच लिहिलं. तुम्हीच शिकवलं ने?"

मेहुलभाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी पाण्याकडे.

पागेमागची गल्ली

दुसऱ्या दिवशी सकाळी केतकीनं आधी सेव-उसळ खायला घातली. वाटाण्याचा लालभडक रस्सा, वर मूठभर शेव, कांदा आणि पाव. आपल्या मिसळीची चुलत बहीण म्हणा, पण सासर गुजरातचं असल्यामुळे तिखट बोलून झालं की शेवटी थोडी गोड लागते. मी दोनदा रस्सा मागून घेतला. दुकानदार खूश होऊन मला 'माशी' म्हणाला, म्हणजे मावशी.

मग गल्ली. जुन्या संस्थानाच्या घोडदळाची पागा इथे होती, तिच्या मागची म्हणून पागेमागची गल्ली. घोडे गेले, पागा गेली, स्वारांचे वंशज राहिले. कुणी रेल्वेत, कुणी बँकेत, कुणाचं मोबाइलचं दुकान. घरात मराठी, दारात गुजराती, चौकात गटाराचा एक उघडा खड्डा. एक बाई मुलाला ओरडत होती, "अरे शांतीनं जेव ने, पळतोस कशाला!"

केतकी प्रत्येक दाराशी थांबून तिनं आधी विचारलं होतं तसंच पुन्हा विचारू लागली आणि मी ऐकत होते. प्रत्येक दारात एकच प्रकार. कागद-पेन पाहिलं की घरातला कर्ता पुरुष पुढे येई, शर्टाचं वरचं बटण लावी, उंबऱ्यात ताठ उभा राही आणि सगळ्या घराच्या वतीनं सांगे, "काही नाही. सगळे ठीक." मागे एक म्हातारी भिंतीला धरधरून चालताना मला दिसत होती. "आईंना चालायला?" "काहीच अडचण नाही. लिही."

केतकी लिहून घेई. माझा नियमच तो.

मग दादासाहेबांचं घर आलं. दादासाहेब मोहिते, वय ऐंशीच्या आसपास, गल्लीतलं सगळ्यांत मानाचं माणूस. पांढरा शर्ट इस्त्रीचा, चष्म्याची काच स्वच्छ, मिशीला पीळ. मी पायरीशी पोचायच्या आतच म्हणाले, "या बाई. दुसरी पायरी उंच आहे, डाव्या हाताला कठडा आहे." मला वाटलं, काय अदबीचा माणूस! आत नेऊन बसवलं. स्वतः मात्र उभेच. केतकीनं फॉर्म काढला तसे हात शिवणीला लावून अधिकच ताठ झाले. सहा प्रश्न, सहा वेळा "काहीच अडचण नाही", तेही खणखणीत आवाजात.

प्रश्न संपल्यावर ते जरा सैल झाले. "बाई, आमचे पणजोबा पागेत जमादार होते. ही तसबीर बघा." त्यांनी समोरच्या भिंतीकडे हात केला. "डोळे बघा, डोळे! काय करारी!"

भिंतीवर काही नव्हतं. नुसता नवा पिवळा रंग आणि एक खिळा. तसबीर खाली कपाटाला टेकून, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली होती. रंगकाम झालेलं, ती परत टांगायची राहिलेली. स्वयंपाकघराच्या दारात त्यांची सून सुनीतावहिनी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं मान खाली घातली. केतकीनं पेनाच्या टोपणाशी चाळा सुरू केला. दादासाहेबांचा हात तसाच भिंतीकडे रोखलेला, माझ्या उत्तराची वाट बघत.

"फारच करारी आहेत," मी म्हणाले.

झालं! गल्लीत येऊन अर्धा दिवस झाला नव्हता आणि मीही गल्लीचीच झाले. चहा प्यायले, छान होता, त्यात गवतीचहा आणि पुदिना होता. बाहेर पडल्यावर केतकीला कोपऱ्यात गाठलं. "अगं, त्यांना दिसत नाही!"

"सगळ्यांना माहीत आहे, ताई. काचबिंदूनं दोन वर्षांपूर्वी गेलं. ते दूध आणायला निघाले की लोक वाटेतल्या सायकली गुपचूप बाजूला करतात. त्यांच्याशी कुणी काढत नाही आणि ते कुणाला सांगत नाहीत. मग मी काय लिहायचं होतं?"

 

बाजवा

तिसऱ्या दिवशी केतकीला म्हटलं, मराठी माणसं सगळीकडे अशीच आहेत का ते बघू. म्हणून बाजव्याला गेलो. तेलशुद्धीकरणाच्या मोठ्या कारखान्याच्या अंगानं वस्ती, हवेला उग्र वास, उंच चिमणीवर दिवसाढवळ्या जळणारी ज्योत. इथली मराठी घरं जळगाव-धुळ्याकडून पोटापाण्यासाठी आलेली. एका घरातल्या लताबाईंनी दारातच बाज टाकली आणि आम्हाला हात धरून बसवलं. स्वतः समोर फरशीवर बसल्या, मांडीवर मेथीची जुडी.

"ऐकायला अडचण?" केतकीनं त्यांच्या नवऱ्याकडे बघून विचारलं.

नवरा हसला. त्यानं प्रश्न ओठांवरून ओळखला असावा. "खूप," तो म्हणाला. "यंत्रांच्या खोलीत गेली माझी उमर, ताई. ही हाका मारते ते मला भिंतीवरून कळतं. भिंत हलते."

"भिंत हलते म्हणे! अन् पगाराचं म्हटलं की कसं चट ऐकू येतं?" लताबाईंनी मेथीची काडी त्याच्या अंगावर फेकली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "माझं बी लिहा. गुडघे. संडासला बसता येत नाही, 'खूप' लिहा. अन् सासूचं विसरणं लिहा, काल मलाच विचारत होती, तू कोणाची गं?"

दिवसभर हेच. थोडी, खूप, अजिबात नाही, सगळ्या प्रकारची उत्तरं. तीच केतकी, तेच सहा प्रश्न, तीच भाषा. फॉर्म खरे होते हे मला पटवायची गरज नव्हती, पण आता दाखवायला पुरावा होता. संध्याकाळी मेहुलभाईंना फोन करून हे सांगितलं, दादासाहेबांच्या डोळ्यांचंही सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, बाजवाचे खरे, म्हणून गल्लीचे खरे असं नाही होत. गल्लीत अडचण आहे म्हणणारा एक तरी माणूस दाखवा."

पादऱ्याचा पोंक

चौथा दिवस मेहुलभाईंचा. ते स्वतः आम्हाला गाडीत घालून पादऱ्याला घेऊन गेले, तिथल्या घरांचं काम बघायला म्हणून, पण मनात माझी समजूत काढायची होती. रस्त्याकडेला शेतात पोंक भाजत होते. पोंक म्हणजे आपला ज्वारीचा हुरडाच. फरक एवढाच की आपण तो शेकोटीभोवती हातावर चोळून, फुंकून, लसणाच्या चटणीशी खातो आणि हे लोक निवडून, पाखडून, वर लिंबू-मिऱ्याची शेव पेरून ताटलीत देतात. हातावर चोळायची मजा नाही, पण दाणा काय कोवळा! मी बकाणे भरत असताना मेहुलभाईंनी विषय काढला.

"बेन, शांतीनं ऐका. तुम्ही स्वतः सांगितलं, त्या दादासाहेबांना दिसत नाही. तुम्ही अनुभवी. त्यांच्या फॉर्मवर 'अजिबात जमत नाही' लिहा आणि सही करा. अजून दहा-बारा घरांत तुम्हाला जे दिसलं ते लिहा. आकडे बरोबर होतील. केतकीचं नाव मी नाही पाठवत. नवीन होती, चुकली, असं लिहू."

मी ताटली बाजूला ठेवली. इतका सोपा रस्ता! पोरगी सुटत होती. केतकी माझ्याकडे बघतही नव्हती, ताटलीतल्या शेवेची रांगोळी करत होती. आणि मला तो टेप आठवला, माझ्या मांडीवरून पावलापर्यंत गेलेला थंडगार टेप.

"नाही," मी म्हणाले. "ती चुकलीच नाही तर चुकली कसं लिहायचं? आणि त्यांनी सांगितल्याशिवाय मी त्यांच्या डोळ्यांबद्दल अक्षर लिहिणार नाही. मी कोण लागून गेले?"

"मग मला नाव पाठवावं लागेल. शनिवारी अकराला रिपोर्ट बंद होतो."

"पाठवा. माझंही पाठवा. खाली लिहा की हिला असं शिकवणारी बाई मिरजेला राहते."

मेहुलभाईंनी हात जोडले.  मला पोंक बाधला आणि पाचवा दिवस सगळा मी खोलीवर पडून, ओवा चावत काढला. वाईट एकाच गोष्टीचं वाटत होतं, की बाणेदारपणा माझा आणि भोगणार केतकी.

पुन्हा गल्ली

सहाव्या दिवशी एकटीच दादासाहेबांकडे गेले. फॉर्म नेला नाही. तसबीर आता भिंतीवर टांगलेली होती. जमादारांचे डोळे खरंच करारी होते, तेवढं माझं खोटं धुतलं गेलं.

आडवळणानं बोलणं मला जमत नाही. म्हटलं, "दादासाहेब, तुमच्या 'काहीच अडचण नाही'पायी ती पोर खोटी ठरतेय. शनिवारी अकरा वाजता वासण्याच्या ऑफिसात तिचं नाव काळ्या यादीत जाणार. तुमची मर्जी असेल तर खरं सांगा, नसेल तर मी जाते."

ते उठून उभे राहिले. आवाज चढवला नाही. "बाई, या घरात येऊन मला खोटं म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एक शिकवण आहे. पागेत हजेरी व्हायची. कागद-लेखणी घेऊन माणूस समोर उभा. जो लंगडला, ज्यानं डोळे चोळले, त्याचं नाव तिथेच कटायचं. म्हणून कागद दिसला की ताठ उभं राहायचं आणि ठीक म्हणायचं. माझे वडील ताप अंगात घेऊन ठीक म्हणाले आणि तिसऱ्या दिवशी गेले. या गल्लीत रडगाणं कुणी गायलेलं नाही."

"रडगाणं कोण गा म्हणतंय? दोन वर्षं सगळी गल्ली सायकली सरकवतेय तुमच्यासाठी. चौकातला उघडा खड्डा कोण सरकवणार? मोजणीत या गल्लीत सगळे धडधाकट निघाले तर इथे काय म्हणून कोण काय करेल? तो खड्डा तसाच राहील."

 स्वयंपाकघरात फोडणीचा गॅस सुनीतावहिनींनी बंद केल्याचं ऐकू आलं. सायकलींचं बोलायला नको होतं, ते त्यांच्या वर्मी बसलं. पण तोंडातून गेलं.

दादासाहेब म्हणाले, "एक विचारू? तुमच्या स्वतःच्या घरी हे लोक आले होते?"

"हो."

"चालायला अडचण होते का, विचारलं असेल. काय सांगितलंत?"

 "थोडी," मी म्हणाले.

"थोडी!" म्हातारा मोठ्यानं हसला. "बाई, तुमच्या पायातलं लोखंड मी गल्लीच्या तोंडापासून ऐकतो. दर चौथ्या पावलाला तुम्ही श्वास घ्यायला थांबता. थोडी म्हणे! मग तुम्ही कुठल्या पागेच्या?"

 त्यांनी सुनीतावहिनींना हाक मारून चहा आणायला सांगितला, चहा होईपर्यंत बडोद्याच्या हवेबद्दल बोलले, मला दारापर्यंत पोचवलं, दुसरी पायरी उंच आहे म्हणून आठवण केली आणि "आवजो" म्हणून दार लावून घेतलं. मला वाटलं, संपलं. एवढ्या सभ्यपणे मला आजवर कुणी हाकललं नव्हतं.

सातव्या दिवशी केतकीनं मला बाजारात नेलं. मी तिखट भाकरवडी आणि लीलो, म्हणजे हिरवा, चिवडा घेतला. तिनं काही घेतलं नाही. "बाबा म्हणतात, गल्लीत आता कोणत्या तोंडानं जाशील?" एवढंच एकदा म्हणाली. मी तिच्या हातात भाकरवडीचा पुडा कोंबला. दुसरं काय करणार?

शनिवार, अकरा

शेवटच्या दिवशी पुन्हा ते तीन मजले. मेहुलभाई रिपोर्ट उघडून बसले होते. केतकी आपलं ओळखपत्र टेबलावर ठेवून उभी. मी माझं म्हणणं दोन पानं लिहून आणलं होतं, ते वाचायला घेतलं आणि जिन्यात पावलं वाजली. एकसारखी, सावकाश, प्रत्येक वळणावर थांबून. बराच वेळ वाजत राहिली. मग दारात दादासाहेब उभे. काळा कोट, पांढरा शर्ट, चष्मा. मागे गल्लीतला एक रिक्षावाला, हात पुढे केलेला, पण त्यांना न लावलेला.

"नमस्कार," दादासाहेब म्हणाले. "साहेब कुठल्या बाजूला बसलेत ते सांगा, म्हणजे तिकडे तोंड करून बोलतो."

मेहुलभाई खुर्चीतून उठलेच. "इथे, दादा. उजवीकडे."

दादासाहेब उजवीकडे वळले. "या मुलीनं माझं उत्तर चुकीचं लिहिलेलं नाही. मी चुकीचं दिलं. पुन्हा विचारायला सांगा."

मेहुलभाईंनी घाईघाईनं पेन उघडलं. "हो हो, मी लिहितो ना."

"तुम्ही नाही. तिनं लिहायचं." मग जरा थांबून, हळू आवाजात, "बाई आहेत का? बाई, ही हजेरी नाही ना?"

"नाही, दादासाहेब. कुणाचंही नाव कटत नाही."

"मग खुर्ची द्या."

केतकीनं खुर्ची त्यांच्या मागे लावली. ते बसले. कागद-पेनासमोर हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा बसत होता. त्यांनी चष्मा काढला, घडी करून कोटाच्या खिशात ठेवला. केतकीनं प्रश्न वाचला. शब्द एकही बदलला नाही. "चष्मा लावूनही तुम्हाला दिसायला अडचण होते का? काहीच नाही, थोडी, खूप, की अजिबात जमत नाही?"

"अजिबात जमत नाही," दादासाहेब म्हणाले. मोठ्यानं. "लिही. दोन वर्षं झाली."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, लपवण्यासारखं काही नव्हतं.

"यंत्र लावूनही ऐकायला?"

"यंत्र कशाला? काहीच अडचण नाही. आणि हे मात्र खरं आहे हं, साहेब. खालच्या मजल्यावर कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते सांगू?"

सहाही प्रश्न झाले. केतकीनं खाली सही केली. मेहुलभाईंनी तो कागद वाचून रिपोर्टाला लावला. मग त्यांनी टेबलावरचं ओळखपत्र उचलून केतकीच्या हातात दिलं. "केतकीबेन, सोमवारपासून गल्ली परत करा. प्रत्येक घर. दारात उभं राहून नाही, आत बसून. आणि प्रत्येकाला त्याचं त्याला विचारा. मला नव्हतं कळलं, माफ करा."

"सुरुवात आमच्या शेजारून कर," दादासाहेब म्हणाले. "मी आज सांगून ठेवतो सगळ्यांना." ते उठायला लागले आणि थांबले. "आता बाईंना विचार."

"दादा, मॅडमचं घर आपल्या यादीत नाही," मेहुलभाई म्हणाले.

"मग कागदावर लिहू नका. विचारा मात्र."

केतकीनं कोरा कागद पुढे ओढला. मी शिकवल्याप्रमाणे तिनं माझ्या पायाकडे न बघता चेहऱ्याकडे बघितलं. "ताई, चालायला किंवा जिने चढायला अडचण होते का? काहीच नाही, थोडी, खूप, की अजिबात जमत नाही?"

'थोडी' जिभेवर तयारच होतं. आयुष्यभर तेच देत आले होते, ऑफिसात, लग्न मोडून गेलेल्या स्थळांना, स्वतःच्या आईला. समोर दादासाहेब मान किंचित कलती करून ऐकत होते.

"खूप," मी म्हणाले. "लहान होते तेव्हापासून."

लिहायचं नव्हतं. केतकीनं तरी लिहिलं, आणि मेहुलभाईंनी ते खोडलं नाही.